त्रेसष्ट नावांचा मालक

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शाळेच्या मागच्या तीन गल्ल्यांमधल्या बहुतेक पाट्या एके काळी बरकत मणियार यांच्या हातच्या होत्या. आता त्या पाट्यांवर फ्लेक्स चढले आहेत. पण एखाद्या गाळ्याचा फ्लेक्स वाऱ्याने फाटला की खालच्या पत्र्यावरची अक्षरं अजून दिसतात, ठसठशीत आणि सरळ.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढताना. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. प्रत्येक गावाचं नाव आधी खडूने लिहायचे, मग माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन चप्पल काढून उभे राहायचे.

“सर, एकदा बघून घ्या. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ब्रश लावत नाही.”

मी म्हणायचो, अहो, गडचिरोली कुठे चुकणार तुमचं. तरी मला उठून जावं लागे. मुलं हसत. गाळ्यांवरही त्यांची हीच रीत होती. मालकाने खडूचं अक्षर पाहून मान हलवली की मगच रंग. आणि पाटी पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बरकत पेंटर’ आणि फोन नंबर. पेंटर लोकांचा तो रिवाजच आहे. त्या कोपऱ्यामुळेच पुढचं काम मिळतं.

फ्लेक्सचं छपाईयंत्र आलं आणि वर्षभरात त्यांचे ब्रश वाळले. चार महिने ते घरी बसून होते. त्यांच्या पत्नी फरीदाभाभी कुणाला काही सांगत नसत, पण त्या वर्षी त्यांनी शिवणयंत्र घेतलं. मुलगी शिफा तेव्हा कॉलेजात होती. गाळ्यांचे मालक बरकतभाईंना रस्त्यात अडवून विचारायचे, चाकणच्या कंपन्या म्हणतात वेबसाइट पाहिजे, तुम्हाला कुणी माहीत आहे का. शिफाने ते ऐकलं आणि वडिलांना संगणकासमोर बसवलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण सहा महिन्यांत ते शिकले. इंटरनेटवर गाळ्याच्या नावाने पत्ता घ्यायचा, त्यावर मशीनचे फोटो टाकायचे, त्याच नावाचा ईमेल सुरू करून द्यायचा. अक्षराची नजर होती, त्यामुळे त्यांची पानं देखणी असत. काम पुन्हा लागलं.

इंटरनेटवरचं हे नाव घेताना एक फॉर्म भरावा लागतो. नावाच्या धन्याचं नाव, पत्ता, फोन. बरकतभाईंनी पहिल्या फॉर्मात स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोन घातला. दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. पाटीच्या कोपऱ्यात घालायचे तसं. मालकही खूष होते. कुणी म्हणे, “ते ओटीपी-बिटीपी तुमच्याकडेच येऊ द्या, बरकतभाई, आम्ही इथं तेलात हात घालून बसलेलो.” दर वर्षी मुदत वाढवायची आठवणही तेच ठेवत. आठ-नऊ वर्षांत अशी त्रेसष्ट गाळ्यांची नावं त्यांच्या खात्यात जमली. कागदोपत्री ते त्रेसष्ट नावांचे मालक होते आणि ते ना त्यांना ठाऊक होतं, ना गाळ्यांच्या मालकांना.

मी सदतीस वर्षं शाळेत प्रवेशाचं काम पाहिलं. पहिलीत मूल घालायचं तर आम्ही जन्माचा दाखला मागतो, आईबापाची सही घेतो. इथे नाव देताना कुणी काही मागत नाही. जो आधी मागेल त्याचं नाव. हे मला शिफाने समजावून सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, “खरंच काही मागत नाहीत?” ती म्हणाली, “नाही, सर. भांडण झालं तर मग बघतात.”

भांडण झालं ते अपेक्षा स्प्रिंग्ज या नावावरून.

हा गाळा शालनबाईंचा. भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. यजमानांनी जमिनीच्या तुकड्यावर शेड टाकून स्प्रिंगा गुंडाळायचं मशीन घेतलं आणि मुलीचं, अपेक्षाचं, नाव गाळ्याला दिलं. धाकटा दीर भैरू मशीनवर असे. करोनात यजमान गेले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाळा भैरू बघेल. पण शालनबाई तेराव्यानंतरच्या सोमवारी पदर खोचून गाळ्यावर येऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर धरायला त्या कामगारांकडून शिकल्या. दोन वर्षांनी भैरू वेगळा झाला, पलीकडच्या रस्त्याला स्वतःचं मशीन लावलं आणि पाटीवर लिहिलं ‘न्यू अपेक्षा स्प्रिंग्ज’. नाव आमच्या घरातलं आहे, असं त्याचं म्हणणं. पुतणीवर त्याचा जीव होता, तेही खरं.

बरकतभाई वीस वर्षं ज्या पत्र्याच्या आडोशाला बसून काम करत, ती जागा भैरूची. भैरूच्या वडिलांनी कधी तरी ‘बस इथं’ म्हटलं होतं. लिहिणं नाही, भाडं नाही. रंगाचे डबे गेले, तिथे टेबल आणि संगणक आला, तरी कुणी काही बोललं नाही.

मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये भैरू दुपारचा चहा घेऊन तिथे आला. दोन ग्लास, पिशवीत वडापाव. त्याच्या मुलाने कुठे तरी पाहिलं होतं की अपेक्षा स्प्रिंग्ज हे इंटरनेटवरचं नाव बरकत मणियार यांच्या नावावर आहे.

“भाऊ, ह्ये काय नवीन?” भैरू हसत म्हणाला. “तुमी कधी स्प्रिंगा करायला लागला?”

बरकतभाईंना काही कळेना. भैरूने फोनवर नोंद दाखवली.

“म्हणजे ते तुमचं हाय. वहिनीचं बी न्हाई, माजं बी न्हाई.”

“असं कसं माझं? मी फक्त फॉर्म भरला.”

“मंग फॉर्म भरणाऱ्याचंच असतंय. पोरगा म्हणतोय तसा कायदाच हाय.” भैरूने वडापावचा कागद सोडला. “मला द्या की ते. नाव आमच्या घराचं, घरातच ऱ्हाईल. वहिनीला काय कळतंय त्यातलं, तिचं सगळं फोनवर चालतंय.”

त्याने जागेचा शब्द काढला नाही. बरकतभाईंनी मला हे तीनदा सांगितलं. “सर, तो काही बोलला नाही. मीच वर पत्र्याकडे बघितलं.”

त्यांनी खातं उघडलं, भैरूच्या खात्याचा क्रमांक घातला. त्यांच्या फोनवर ओटीपी आला, तो टाकला. चहा अजून गरम होता. शालनबाईंचा गाळा तिथून चालत पाच मिनिटांवर होता आणि फोन हातातच होता.

त्या नावाबरोबर त्या नावाचा ईमेलही गेला. शालनबाईंच्या गाळ्यावर बिलं आणि पत्रव्यवहार पाहणारी दिव्या नावाची मुलगी आहे. तिने आठवड्याने बरकतभाईंना फोन केला. “काका, मेल येत नाहीत. काही बंद आहे का?”

“बघतो,” बरकतभाई म्हणाले.

आणखी दहा दिवसांनी तिने परत फोन केला. “सर्व्हरचं काम चालू असेल, बघतो,” ते म्हणाले. त्यांनी काहीच बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. मला हे सांगताना ते आमच्या बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीवर नव्हे, दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. आत या म्हटलं तर म्हणाले, इथेच बरं आहे.

“पहिल्यांदा चूक झाली म्हणता येईल, सर. दुसऱ्या फोनला काय म्हणायचं?”

मी पाणी आणायला उठलो.

गाळ्यावर सगळ्यांना वाटलं, मार्च संपत आला, कंपन्यांकडून चौकश्या कमी झाल्या असतील. त्याच दिवसांत चाकणच्या एका कंपनीने एका स्प्रिंगेचं ड्रॉइंग बदललं. तारेची जाडी वाढवली आणि नवं ड्रॉइंग नेहमीच्या पत्त्यावर पाठवलं. ते भैरूकडे पोचलं. शालनबाईंनी जुन्या ड्रॉइंगप्रमाणे अकरा हजार स्प्रिंगा करून टेम्पोत भरल्या. स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या, कारण तो त्या वर्षातला मोठा लॉट होता. कंपनीच्या दारातच माल अडवला. तपासणी खात्यातल्या साहेबाने पाच स्प्रिंगा मोजल्या आणि म्हणाला, “ताई, ही कुठली जाडी? आम्ही तुम्हाला वीस दिवसांपूर्वी कळवलंय.”

“मला न्हाई आलं काई.”

“आलंय. उत्तरपण आलंय तुमच्याकडून. मिळालं म्हणून.”

त्याने पडदा वळवून दाखवला. पत्ता त्यांचाच होता. खाली नाव भैरूचं.

शालनबाई अकरा हजार स्प्रिंगा घेऊन नाशिक रस्त्याने परत आल्या. टेम्पो गाळ्यावर न नेता त्यांनी तो सरळ बरकतभाईंच्या आडोशापुढे उभा करवला. खाली उतरल्या. हातात एक स्प्रिंग होती.

“बरकतभाई, मेल कुठं जात्यात माजे?”

बरकतभाई उभे राहिले. भैरूकडे, असं त्यांनी सांगितलं. कसं, ते सांगितलं. त्यांना वाटलं होतं त्या ओरडतील, आजूबाजूचे जमतील. जमले होतेही, शेजारच्या लेथवरचे दोघे दारात आले होते.

“त्यानं मागितलं आन् तुमी दिलं.”

“व्हय, वहिनी.”

“माज्या यजमानांनी पाटी करून घेतली तवा तुमी चार येळा गाळ्यावर आलता. क्ष बरोबर हाय का बघा म्हणून. मी हसलेवते तुमाला. येक अक्षर इचारल्याबिगर रंगवलं न्हाई तुमी. आन् आख्खं नाव द्यायला इचारावं वाटलं न्हाई?”

लेथवरच्या दोघांपैकी एक जण आत गेला, दुसराही गेला. शालनबाई टेम्पोत बसल्या.

तक्रारीची सोय असते हे शिफाने शोधून काढलं. ती तेव्हा हिंजवडीत नोकरीला होती. तिने दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना न सांगता शालनबाईंकडे गेली. देशातली इंटरनेटची नावं जिथे नोंदतात तिथे अर्ज करायचा, मग एक लवाद नेमतात. नाव कुणी आधी घेतलं एवढंच तो पाहत नाही. नावावर खरा हक्क कुणाचा आणि ते घेणाऱ्याने सचोटीने वापरलं की नाही, हे कागदांवरून ठरवतो. शालनबाईंनी वकील केला. जुनी बिलं, नोंदणीचं प्रमाणपत्र, पाटीचा फोटो, सगळं जोडलं.

भैरूचं उत्तर आलं. ते हुशारीचं होतं. नाव मूळ नोंदणीदार बरकत मणियार यांच्याकडून राजीखुशीने घेतलं, शालनबाईंच्या नावावर ते कधीच नव्हतं. यातला शब्दही खोटा नव्हता. आता बरकतभाई स्वतः काय लिहून देतात यावर सगळं अडलं होतं. शालनबाईंच्या वकिलाने निवेदन मागितलं. भैरूही आडोशाला येऊन बसला.

“खोटं कुठं लिवायला सांगतोय मी? तुमच्या नावावर व्हतं, तुमी दिलं. येवढंच लिवा. जास्तीचं कशाला?”

ते निवेदन लिहायला बरकतभाई माझ्याकडे आले. वकील इंग्रजी करणार होता, पण आधी मराठीत नीट मांडून आणा म्हणाला होता. दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी मला वर सांगितलेलं सगळं सांगितलं. शिफा सोबत होती. मी वही घेतली. बरकतभाई सांगू लागले आणि मी लिहू लागलो. ‘सदर नाव माझ्या नावे नोंदलेले होते. मी ते श्री. भैरू यांस दिले.’ मग ते थांबले.

“पुढं?” मी विचारलं.

“बास झालं ना, सर. खरंच आहे हे.”

शिफा खिडकीशी उभी होती. “अब्बा, दिव्याच्या फोनचं सांगा.”

“त्याची काय गरज?”

“सर्व्हरचं काम चालू आहे म्हणालात तुम्ही. ते लिहा.”

“लेकीने बापाची इज्जत अशी चव्हाट्यावर मांडायची?” ते हळू आवाजात म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं.

“मी नाही मांडत. तुम्ही मांडा,” शिफा म्हणाली. “दुसऱ्या कुणी मांडण्यापेक्षा.”

मी पेनाला टोपण लावलं. मला त्या वेळी वाटलं, शाळेत आम्ही पोरांकडून चुकीची कबुली किती सहज मागतो. छडी हातात घेऊन मागतो आणि पोरगं बोललं की आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. साठीचा माणूस समोर बसून तीच गोष्ट करायला धडपडत असताना बघणं फार अवघड आहे. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

“लिहा,” ते शेवटी म्हणाले. “ते नाव कधीच माझं नव्हतं. फॉर्मात माझं नाव घातलं ती माझी अडाणीपणाची चूक. पण ज्या दिवशी भैरूने दाखवलं त्या दिवशी मी अडाणी नव्हतो. मला कळलं होतं. मी शालनबाईंना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या.”

मी लिहिलं. मग दिव्याच्या दोन्ही फोनचं लिहिलं, तारखांसह. शेवटी ते म्हणाले, अशीच आणखी बासष्ट नावं माझ्याकडे आहेत, तेही लिहा. हे वकिलाने मागितलं नव्हतं. मी तसं म्हटलं. “लिहा, सर,” ते म्हणाले. सही करताना त्यांचं अक्षर पहिल्यांदा मी वाकडं पाहिलं.

भैरूने त्यांना जागा सोडा म्हटलं नाही. फक्त सकाळी तिथून जाताना रामराम करायला गाडीचा वेग कमी करणं बंद केलं. पंधरा दिवस बरकतभाईंनी ते सोसलं, मग टेबल आणि संगणक रिक्षात घालून घरी नेलं. आता ते सांगवीला मुलीच्या भाड्याच्या घरात, बाल्कनीत बसून काम करतात.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. नाव शालनबाईंना द्यावं असं लवादाने लिहिलं. शिफाने मला तो कागद वाचून दाखवला. त्यात बरकतभाईंच्या निवेदनाचा उल्लेख दोन ओळींत आला होता, कौतुकाने नाही आणि दोष देऊनही नाही. चाकणच्या कंपनीने मात्र तोवर तो भाग दुसरीकडे करायला दिला होता. कुणाकडे ते मी विचारलं नाही. अकरा हजार स्प्रिंगा भंगारात गेल्या आणि शालनबाईंनी तीन कामगार कमी केले.

त्यानंतर बरकतभाई बाकीची नावं परत करायला निघाले. दर रविवारी सांगवीहून बसने भोसरीला यायचं, चार-पाच गाळे करायचे. शिफा सोबत. प्रत्येक मालकाच्या नावे खातं उघडायचं, नाव तिथे द्यायचं, पासवर्ड त्यालाच टाकायला लावायचा. हे काम त्यांना वाटलं होतं त्याहून जड गेलं, आणि वेगळ्याच कारणाने. लोक घ्यायलाच तयार नव्हते.

“राहू द्या की तुमच्याकडं, बरकतभाई. कुणी मागितलंय?” ग्राइंडिंगवाले गणराज म्हणाले. “आमचा तुमच्यावर विश्वास आहे.”

“तोच नका ठेवू,” बरकतभाई म्हणाले. मग त्यांना शालनबाईंची हकीकत सांगावी लागली. गणराज हसले, त्यांना ती थट्टा वाटली. नंतर हसणं थांबलं. त्यांनी चहा सांगितला होता तो आला, पण कुणी फारसा घेतला नाही. प्रत्येक गाळ्यावर असंच. एकाने तर समजूत घातली, “जाऊ द्या, भाऊ, त्यांचं घरचं भांडण, तुम्ही मधे सापडलात.” हे वाक्य बरकतभाईंना सगळ्यात लागलं, असं शिफा म्हणते. कारण पहिले काही दिवस त्यांनी स्वतःची अशीच समजूत घातली होती.

शालनबाईंचा गाळा त्यांनी शेवटी ठेवला होता. निकालाप्रमाणे नाव शालनबाईंकडे यायची वेळ आता आली होती, त्यासाठी खातं उघडायला शिफाची मदत हवी होती. मीही त्या दिवशी गेलो. शालनबाईंनीच बोलावलं होतं, कागद वाचायला. गाळ्यात एकच मशीन चालू होतं. दिव्याने खुर्ची पुसून दिली. बरकतभाई बसले नाहीत. शालनबाईंनी त्यांना बसा म्हटलंही नाही, उभे राहू नका असंही म्हटलं नाही. पाणी मात्र सगळ्यांना दिलं, त्यांनाही.

शिफाने फॉर्म भरला. धन्याचं नाव, शालनबाईंचं पूर्ण नाव, पत्ता, फोन. प्रत्येक रकाना तिने मोठ्याने वाचून दाखवला. शालनबाई प्रत्येक वेळी “व्हय” म्हणाल्या. मग पडद्यावर पासवर्ड टाकायची चौकट आली.

“काकू, आता तुम्ही टाका. तुम्हालाच आठवेल असा,” शिफा म्हणाली आणि स्वतः मान वळवून मशीनकडे बघू लागली.

शालनबाईंनी खुर्ची पुढे ओढली. बोटं वर धरली, पण काही दाबलं नाही. त्या थांबल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दिव्या तिथेच होती, मी तिथेच होतो, आमची त्यांना अडचण वाटत नव्हती.

बरकतभाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, दारात जाऊन चपला घातल्या आणि बाहेर उन्हात जाऊन, गाळ्याकडे पाठ करून उभे राहिले. ते तिथे पोचल्यावरच आत पहिलं अक्षर दाबल्याचा आवाज आला.